गाईडेड पाऊस!

पैसे भरलेले, आयटिनरी छापलेली, बस वेळेवर सुटलेली... पण संगमेश्वरात शास्त्री नदीनं स्वतःचाच प्लॅन काढला. चौतीस माणसं, एक ड्रायव्हर आणि पाण्याखाली गेलेला एक रस्ता, अशा एका पावसाळी टूरची ही गोष्ट.

'कंडक्टेड टूर' म्हटलं, की आपल्यापैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू येतं. छत्रीला रुमाल बांधून पुढे चालणारा टूर लीडर, मागे साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेल्या काकू, आणि 'चला चला, पंधरा मिनिटं! फोटो काढा आणि बसमध्ये बसा!' आई-बाबांसाठी ठीक आहे हो. आपण कसे? पाठीला सॅक, हातात गूगल मॅप आणि वाटेल तिथे कटिंग!

पण मी स्वतः आई-बाबांना घेऊन युरोपची अशी टूर केलीय आणि चक्क एन्जॉय केलीय. स्वित्झर्लंडमध्ये माउंट टिटलिसवर गेलो त्या दिवशी धो-धो पाऊस. वर पोचलो तर डोंगर गायब! सगळीकडे नुसतं पांढरं धुकं. मग काय, तिथे शाहरुख-काजोलचं कटआऊट उभं आहे ना, त्याच्याशेजारी आमच्या अख्ख्या ग्रुपनं फोटो काढून घेतले. खाली उतरलो तर बस तयार, जेवणात वरण-भात तयार. पाऊस पडला म्हणून कोणाचं काही अडलं नाही. ते पाणी कुठून येतं, कुठे जातं, असा प्रश्नही कोणाला पडला नाही. पडायची गरजच नव्हती.

म्हणून या जुलैत ऑफिसमधली मैत्रीण म्हणाली, "संगमेश्वरला एक दिवसाची पावसाळी टूर आहे, बसनं, गाईड वगैरे सगळं," तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दोन कारणं. एक, लोणावळ्याच्या ट्रॅफिकमध्ये आणखी एक शनिवार घालवायची माझी इच्छा नव्हती. दुसरं, कोकण रेल्वेनं गोव्याला जाताना 'संगमेश्वर रोड' ही पाटी मी निदान दहा वेळा पाहिलीय आणि दहाही वेळा वडापाव संपवून पुन्हा झोपलेय!

दादर ते तुरळ, व्हाया खड्डे

शुक्रवारी रात्री दहाला दादरहून बस सुटली. चौतीस प्रवासी. त्यात आमच्यासारखे ऑफिसवाले वीस-बावीस, एक नवं लग्न झालेलं जोडपं, निवृत्त बँकवाल्यांचा एक कट्टा आणि माझ्या पुढच्या सीटवर एक सॉफ्टवेअरवाला मुलगा. त्याची रविवारी सकाळी साडेसहाची सिंगापूरची फ्लाइट होती. पहिलीच ऑनसाइट! "तिकडे जायच्या आधी एकदा कोकणातला पाऊस बघून घेतो," म्हणाला. बॅग घरी भरून तयार, भाऊ ती थेट एअरपोर्टवर आणणार आणि आमची बस शनिवारी मध्यरात्री मुंबईत पोचणार. कागदावर सगळं फिट्ट बसत होतं.

मुंबई-गोवा हायवेबद्दल काय बोलावं? चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं, तेव्हा मी शाळेत होते. एवढंच सांगते आणि पुढे जाते.

पहाटे डोळे उघडले तर काचेबाहेर सगळं हिरवं आणि ओलं. पहिला स्टॉप तुरळ. हायवेलगतच इथे गरम पाण्याचं कुंड आहे. वरून थंडगार पाऊस आणि खाली कढत पाणी! पाय बुडवून बसलो आणि रात्रभराचे खड्डे अंगातून उतरले. आमचा टूर लीडर, तिशीतला उत्साही माणूस, सगळे त्याला नुसतं 'दादा' म्हणत होते. त्यानं सांगितलं, की अशी कुंडं कोकणात एका रांगेत सापडतात. वर वज्रेश्वरी-गणेशपुरी, मग उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी आणि खाली राजापूरजवळ उन्हाळे. ज्वालामुखी वगैरे काही नाही. पावसाचंच पाणी खडकाच्या भेगांतून खूप खोल जातं, तिथे तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. म्हणजे आपण ज्यात पाय सोडून बसलोय, तोही एके काळचा पाऊसच!

चहा, कांदेपोहे, फोटो, आणि साडेआठला पुन्हा बसमध्ये. इथपर्यंत अगदी आयटिनरीप्रमाणे.

मार्लेश्वर कॅन्सल

आयटिनरीतलं मुख्य आकर्षण होतं मार्लेश्वर. देवरुखच्या पुढे मारळ गावाजवळ, सह्याद्रीच्या कुशीत गुहेतलं शंकराचं देऊळ. शेकडो पायऱ्या चढून जायच्या. गाभाऱ्यात समईचा उजेड, बाहेर कड्यावरून कोसळणारा धारेश्वर धबधबा. मकरसंक्रांतीला इथे मार्लेश्वर आणि साखरप्याची गिरिजादेवी यांचं लग्न लागतं, केवढी तरी यात्रा भरते. ब्रोशरवर त्याच धबधब्याचा फोटो होता. खरं सांगायचं तर निम्म्या लोकांनी तो फोटो पाहूनच पैसे भरले होते.

संगमेश्वरच्या जरा अलीकडे दादानं बस बाजूला घ्यायला लावली. दोन-तीन फोन केले. मग माइक हातात घेऊन म्हणाला, "मंडळी, मार्लेश्वर आज होणार नाही. घाटमाथ्यावर रात्रभर पाऊस आहे. पायऱ्यांवरून पाणी वाहतंय आणि दरडीची भीती आहे. आपण कसब्याला जातोय."

बसमध्ये एकदम शांतता. मग मागून आवाज आला, "अहो, पण पैसे त्याचेच घेतलेत ना?"

दुसरा म्हणाला, "निदान खालून तरी दाखवा. रील तरी होईल!"

दादा चिडला नाही. म्हणाला, "साहेब, मार्लेश्वरचे जे काय होतील ते पैसे परत देतो. पण धबधब्याखाली उभं राहून फोटो काढायला आज कोणालाही नेणार नाही."

लोणावळ्याचा भुशी डॅम आठवतो ना? ३० जून २०२४ ला त्याच्या मागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी फोनवर पाहिलाय. हसत उभी असलेली माणसं आणि काही क्षणांत वाढलेलं पाणी. दादानं त्याचं नावही काढलं नाही. पण मागचे आवाज आपोआप बंद झाले.

कसब्यातला कर्णेश्वर

शास्त्री पुलाजवळ हायवे सोडला, की नदीच्या कडेकडेनं रस्ता कसब्याला जातो. संगमेश्वर हे आज हायवेवरचं बाजाराचं गाव. तालुक्याची कचेरी पण देवरुखला. जुनं, मूळ संगमेश्वर म्हणजे हे कसबा. अलकनंदा आणि वरुणा या नद्यांचा इथे संगम होतो, म्हणून हे नाव पडलं असं सांगतात. पुढे शास्त्रीला सोनवी मिळते आणि सगळं पाणी जयगडच्या खाडीत जातं. एके काळी त्याच खाडीतून गलबतं वरपर्यंत येत. मग नदी गाळानं भरत गेली, आणि बंदर आठवणीत राहिलं.

इथे आम्हाला भेटले 'काका'. निवृत्त शाळामास्तर, डोक्यावर प्लास्टिकची खोळ, हातात काठी. दादानं त्यांना लोकल गाईड म्हणून बोलावलं होतं. "या, या! पावसात आलात म्हंजे नशीबवान. उन्हाळ्यात येतात ते नुसते दगड बघून जातात," हे त्यांचं स्वागत!

आणि खरंच. कर्णेश्वराचं देऊळ पावसातच बघावं. काळ्या दगडाचं, नक्षीनं भरलेलं. पाऊस पडला की दगड आणखी काळा होतो आणि कोरीव रेषा एकदम उठून दिसतात. देऊळ चालुक्यांच्या काळातलं मानलं जातं. कर्ण नावाच्या चालुक्य राजानं इथे तीनशे साठ देवळं बांधली अशी आख्यायिका आहे. तीनशे साठ सोडा हो, पण गावात फिरताना झाडीत, शेवाळात अर्धी बुडालेली जुनी देवळं दिसत राहतात हे मात्र खरं. मंडपात उभं राहून मान वर करा. छतावरचं कोरीवकाम बघताना मान अवघडते, पण नजर हटत नाही. माझ्या मैत्रिणीनं विचारलं, "एवढं भारी देऊळ, आणि आपल्याला माहीतच नाही?"

काका म्हणाले, "तुम्ही हायवेनं जाता ना गोव्याला. आम्ही दोन-तीन किलोमीटर आत आहोत. एवढंच."

टिटलिसवर शाहरुखशेजारी उभं राहायला मी रांग लावली होती. इथे त्या मंडपात आमच्या बसशिवाय कोणीसुद्धा नव्हतं.

फेब्रुवारी १६८९

कसबा म्हटलं की प्रत्येक मराठी माणसाच्या मनात दुसरंच काहीतरी येतं. फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज याच गावात पकडले गेले. मुघल सरदार मुकर्रबखान कोल्हापूरच्या बाजूनं सह्याद्री उतरून अचानक इथे येऊन धडकला. झटापटीत म्हाळोजी घोरपडे पडले. हे सेनापती संताजींचे वडील. महाराज आणि कवी कलश कैद झाले. पुढे ११ मार्च १६८९ ला महाराजांची हत्या झाली. शाळेत हे सगळं आपण पाठ केलेलं असतं.

पण त्या जागेवर उभं राहिलं की पाठांतर संपतं आणि नकाशा सुरू होतो. काकांनी काठीनं पूर्वेकडे दाखवलं. ढगांत हरवलेली सह्याद्रीची भिंत. "त्या पलीकडं कोल्हापूर. तिकडून फौज घाट उतरून इतक्या झपाट्यानं येईल, असं कोणाला वाटलं नव्हतं. हा मुलूख महाराजांच्या माहितीतला. येसूबाईंचं माहेर शृंगारपूर इथनं जवळच." मग थोडं थांबून, पावसाकडे बघत म्हणाले, "फेब्रुवारी होता. जुलै असता तर गोष्ट वेगळी झाली असती, असं आम्ही इथली माणसं म्हणतो."

इतिहासात 'जर-तर'ला जागा नसते. पण त्या धो-धो पावसात, समोरचा डोंगर दिसेनासा झालेला असताना, ते वाक्य ऐकून बँकवाल्या कट्ट्यावरचे गप्पिष्ट आजोबासुद्धा गप्प झाले.

२०२५ मध्ये 'छावा' आला आणि गावात येणाऱ्यांची गर्दी एकदम वाढली, असं काका सांगत होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात संगमेश्वरला महाराजांचं भव्य स्मारक उभारायची घोषणाही झाली. "लोक येतात, फोटो काढतात, रडतातसुद्धा. चांगलं आहे. पण बरेचसे पुतळ्यावरनंच मागं फिरतात. मग मी म्हणतो, जरा नदीवर चला, देवळात चला. गाव बघितल्याशिवाय गोष्ट कशी कळायची?"

तिथीची पाऊणपट

साडेअकराच्या सुमारास ड्रायव्हरमामा भिजत देवळात आले आणि दादाच्या कानात काहीतरी बोलले. आम्ही ज्या रस्त्यानं आलो, त्याच्या सखल भागावर नदीचं पाणी आलं होतं. बस या बाजूला, हायवे त्या बाजूला!

पहिल्यांदा सगळ्यांना मजाच वाटली. 'अडकलो!' म्हणून स्टेटस टाकून झाले. नेटवर्क होतं तोवर लाइक्सही आले. मग नेटवर्क गेलं आणि मजा थोडी कमी झाली.

काका मात्र निवांत. नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांतली एक पायरी त्यांनी हेरून ठेवली होती आणि दर दहा मिनिटांनी ती बघून येत होते. मी विचारलं, "काका, पाणी कधी उतरणार?"

"आज तिथी कोणती?"

मला तिथी? मला वारसुद्धा लॅपटॉप बघून कळतो!

"परवा गुरुपौर्णिमा झाली. म्हंजे आज द्वितीया. तिथीची पाऊणपट करायची. दोनाची पाऊणपट दीड. दीड वाजता पुरती भरती."

कोकणात किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे गणित लहानपणापासून येतं. तिथीच्या आकड्याला तीननं गुणायचं, चारनं भागायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. कारण चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो आणि भरतीही तेवढीच पुढे सरकते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास तर उधाणाची, म्हणजे मोठी भरती. नंतर नेटवर्क आल्यावर मी फोनवर जयगडचं भरतीचं कोष्टक बघितलं. काकांच्या गणितात फक्त काही मिनिटांचा फरक!

पण समुद्राच्या भरतीचा आणि इथल्या पुराचा संबंध काय? तो असा. सह्याद्री इथून जवळ, समुद्रही फार लांब नाही. त्यामुळे कोकणातल्या नद्या आखूड आणि उताराच्या. घाटात पाऊस झाला की ते पाणी काही तासांत खाली. ओहोटी असेल तर ते खाडीतून सरळ निघून जातं. पण त्याच वेळी उधाणाची भरती असेल, तर खाडी आधीच फुगलेली असते. वरचं पाणी जाणार कुठे? ते पात्र सोडतं आणि बाजारपेठेत, शेतात, रस्त्यावर पसरतं.

"भरती दीडला, ती समुद्रात. इथं वर तिचा जोर ओसरायला आणखी वेळ लागतो," काका म्हणाले. "घाटात पाऊस थांबला, तर पाच-साडेपाचला रस्ता मोकळा. नाय थांबला, तर तुमच्या झोपायची सोय बघायला लागेल."

सिंगापूर की शास्त्री?

हे ऐकून माझ्या पुढच्या सीटवरच्या मुलाचा चेहरा उतरला. रविवारी सकाळी साडेसहाची फ्लाइट. संगमेश्वर ते मुंबई सुमारे तीनशे किलोमीटर, आणि तो हायवे. पाचला निघालो तरी पोचेपर्यंत मध्यरात्र उलटून जाणार. निघालोच नाही तर संपलंच. तीन वर्षं वाट बघून मिळालेली ऑनसाइट, सोमवारी सकाळी तिकडे जॉइनिंग. आपल्यापैकी प्रत्येकाला कळतं, की 'सॉरी सर, पुरात अडकलोय' हा मेल वाचून सिंगापूरचा मॅनेजर काय म्हणेल.

तो ड्रायव्हरमामांकडे गेला. "मामा, पाणी गुडघ्याएवढंच आहे. बस उंच आहे. हळूहळू काढली तर निघेल ना?"

"निघेल पण," मामा म्हणाले. "पण खालचा रस्ता हाय का गेला, ते कुठं दिसतंय?"

"मी जास्तीचे पैसे देतो. हवे तेवढे."

मामा रागावले नाहीत. त्यांनी त्याला बाजूला बसवलं आणि सावित्रीची गोष्ट सांगितली. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्री नदीला पूर आणि हायवेवरचा ब्रिटिशांच्या काळातला पूल कोसळला. काळोखात कोणाला दिसलंच नाही. एसटीच्या दोन गाड्या पाण्यात गेल्या. एक राजापूर-बोरिवली आणि दुसरी जयगड-मुंबई. जयगड म्हणजे आमच्यासमोरून वाहणारी ही शास्त्री जिथे समुद्राला मिळते ते. "ते डायव्हर काय नवखे नव्हते," मामा म्हणाले. "रोजचा रूट. रस्ता हाय असं धरून चालले. तेव्हापासनं मी ठरवलंय, जिथं रस्ता दिसत नाय, तिथं टायर घालायचा नाय. तुमचं इमान गेलं तर दुसरं मिळंल."

फूट-दीड फूट वाहतं पाणी छोटी मोटार उचलू शकतं, दोन फुटांत मोठी गाडीही हलते. हे आपण कुठेतरी वाचलेलं असतं. पण जायची घाई असली की 'आपली गाडी उंच आहे' एवढंच आठवतं.

मुलगा काही बोलला नाही. पावसाकडे पाठ करून बसला. मला वाटतं, त्या दिवसातला सगळ्यात अवघड क्षण तोच होता. पुराचं पाणी आमच्यापासून लांब होतं. पण एका माणसाची तीन वर्षं आणि तेहतीस माणसांचा जीव, हा हिशेब एका ड्रायव्हरनं आमच्यासमोर केला आणि त्याचा वाईटपणाही स्वतःकडे घेतला.

कुळथाचं पिठलं, पडवीतलं

ठरलेलं जेवण हायवेवरच्या हॉटेलात होतं. म्हणजे पाण्यापलीकडे! काकांनी दोन-तीन घरांत निरोप दिला आणि तासाभरात पडवीत पंगत बसली. तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं, टाकळ्याची भाजी, भात आणि सोलकढी. चौतीस माणसांसाठी! वहिनी वाढताना म्हणत होत्या, "घ्या की आणखी. मुंबैला असं गरम कोण वाढतंय?" दादानं जेवणाचे पैसे देऊ केले, तेव्हा आधी चांगलीच ओढाताण झाली. शेवटी त्यानं हॉटेलच्या हिशेबाची सगळी रक्कम त्यांच्या हातात ठेवली.

गप्पांत कळलं, की जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणीतरी मुंबईत आहे. कोणी विरारला, कोणी डोंबिवलीला. गणपतीत येतात आणि घरं भरतात. लावणीला मात्र हात कमी पडतात. शेजारच्या शेतात गुडघाभर चिखलात तीन बायका पाऊस असताना लावणी करत होत्या. त्यांच्यासाठी तो 'पावसाळी टूर'चा दिवस नव्हता, कामाचा शनिवार होता. नव्या जोडप्यातल्या मुलीनं विचारलं, "मी करू का थोडी?" त्या हसल्या आणि तिला रोपांची एक मूठ दिली. दहा मिनिटांत तिची कंबर धरली आणि त्यांनी तिची लावलेली रोपं हळूच उपटून पुन्हा सरळ लावली!

पाणी उतरताना

चारच्या सुमारास पावसाचा जोर ओसरला. सव्वापाचला काका पायरी बघून आले आणि बोट वर केलं. एक पायरी उघडी. मग दुसरी. रस्त्यावरचं पाणीही मागे सरकू लागलं. डांबर दिसलं, पण मामांनी लगेच बस काढली नाही. काठी घेऊन स्वतः पूर्ण पट्टा चालत गेले, दोन्ही कडा टोचून बघितल्या, परत आले आणि म्हणाले, "बसा."

सहाला बस हायवेला लागली, तेव्हा सिंगापूरवाल्याच्या शेजारी बँकवाले आजोबा जाऊन बसले होते. त्यांनीच विषय काढला, "रात्रीच्या जेवणाला थांबायलाच पाहिजे का? या मुलाचा तास वाचेल." दादानं माइकवर विचारलं. एकही हात विरोधात वर आला नाही. सकाळी 'पैसे त्याचेच घेतलेत ना' म्हणणाऱ्या साहेबांनी तर बॅगेतला चिवडा काढून फिरवला. चिपळूणला चहा, पाच मिनिटं. बस, बाकी सरळ पनवेल.

अडीचला तो पनवेलला उतरला. टॅक्सी आधीच बोलावून ठेवली होती. उतरताना मामांच्या पाया पडला. मामा लाजले आणि हॉर्न वाजवून निघाले. साडेपाचला व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा मेसेज आला, 'बोर्डिंग!' त्याखाली तेहतीस अंगठे.

टूरची आयटिनरी माझ्याकडे अजून आहे. त्यातल्या सहा गोष्टींपैकी आम्ही दोनच बघितल्या. मार्लेश्वर राहिलं, राजवाडी राहिलं, देवरुख राहिलं. सोमवारी ऑफिसात मैत्रिणीनं हिशेब केला, की ब्रोशरप्रमाणे आमचे साठ टक्के पैसे फुकट गेले. मग तिनेच पुढच्या मिनिटाला कॅलेंडर उघडलं आणि ओहोटीच्या तिथ्या शोधायला लागली. हिवाळ्यातल्या. मार्लेश्वरसाठी!

जायचंय?

कसं जाल? कोकण रेल्वेचं संगमेश्वर रोड स्टेशन आहे. मांडवी, कोकणकन्या, तुतारी या गाड्या इथे थांबतात. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेगळं, सावकाश टाइमटेबल असतं, ते आधी बघा. रस्त्यानं मुंबईहून सुमारे तीनशे किलोमीटर, मुंबई-गोवा हायवेवर चिपळूणच्या पुढे.

काय बघाल? कसब्यातला कर्णेश्वर आणि आसपासची जुनी देवळं, छत्रपती संभाजी महाराजांचं स्मरणस्थळ, तुरळ आणि राजवाडीची गरम पाण्याची कुंडं. पाऊस ओसरल्यावर मार्लेश्वर. ट्रेकर मंडळींसाठी प्रचितगड आणि महिमतगड, पण तेही भर पावसात नको.

काय खाल? कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, घावणे, पावसाळी रानभाज्या, सोलकढी. घरगुती जेवण आधी सांगून ठेवलंत तर उत्तम.

हे लक्षात ठेवा : हवामान खात्याचा रेड किंवा ऑरेंज अलर्ट असेल तर तारीख बदला. नदीकाठी जाताना त्या दिवशीची भरतीची वेळ बघा. पाण्याखालचा रस्ता ओलांडू नका. परतीच्या दिवसानंतर एक दिवस मोकळा ठेवा. आणि लोकल गाईड घ्याच. गाव त्याच्याकडूनच कळतं, आणि 'आज जायचं नाही' हेही त्याच्याकडूनच कळतं.